डाव्या कानाच्या वर, दोन बोटं सोडून

प्रिय निसरडे,

तू माझ्याकडे एक पान मागितलंस आणि मी हे जाडजूड पाकीट पाठवते आहे. ते पान यात शोधू नकोस, सापडणार नाही. का, ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि मला सांगायचं आहे ते सगळं मध्येच आहे. आमचा मालाचा गाडीवाला उद्या सकाळी तुमच्या बाजूला निघतोय, त्याच्या हाती देते. म्हणजे दुपारी तू शाळेचं ग्रंथालय बंद करून घरी येशील तेव्हा हे दारात असेल.

फोन का नाही केला, म्हणशील. केला होता गं. काल दोनदा केला. पहिल्यांदा तू उचललास आणि मी माझ्या गुडघ्यांचं रडगाणं लावलं. दुसऱ्यांदा तुझ्या चिमणीने उचलला, "मावशी, क्लिप अजून नाही पडली!" असं ओरडली, आणि मी "शाब्बास" म्हणून फोन ठेवून दिला. शाब्बास म्हणाले बघ मी! शिवाय फोनवर मी जरा गंभीर व्हायला लागले की तू "जाऊ दे गं ताई" म्हणतेस, आणि मीही लगेच जाऊ देते. चौदा वर्षं हेच चाललंय. म्हणून आता लिहूनच सांगते. वाचून झाल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही, मला ठाऊक नाही. नाही बोललीस तर मी तक्रार करणार नाही. पण हे अर्ध्यात टाकू नकोस.

आई सकाळच्या पाळीला जायची आणि तुझं डोकं माझ्या ताब्यात असायचं. मी चौदाची, तू सहाची. माझे केस काथ्यासारखे, त्यात पेन्सिल खोचली तर संध्याकाळपर्यंत सापडायची नाही. आणि तुझे असे, की पिन लावून मी हात काढेपर्यंत ती तुझ्या खांद्यावर. जिन्यात पिन, बसथांब्यावर पिन, शाळेच्या फाटकाशी पिन. "हिला शोधायचं तर पिना वेचत जा," असं आई म्हणायची, आणि तिनेच तुला निसरडी नाव ठेवलं. कामातूनही तू तशीच निसटायचीस म्हणा. भांडी घासायची वेळ झाली की तू नेमकी कुठे असायचीस, ते मला अजून कळलेलं नाही. मग तो वर्गाचा फोटो आला. सगळ्या मुली नीटनेटक्या आणि तुझी क्लिप कानाशी चार केसांना धरून लोंबतेय. तू फोटो पोटाशी धरून इतकी रडलीस, की मी तुला सांगून टाकलं, मोठी झाले की तुला न पडणारी क्लिप करून देईन. तू नाक पुसत विचारलंस, "पोहताना पण?" मी म्हटलं, पोहताना पण.

लोकांना गंमत वाटते, पण मी खरंच त्यासाठी या क्लिपांच्या कारखान्यात आले. आमची नमुन्यांची खोली तू पाहिली आहेस. खिडकीखालचं लांब टेबल, पकडी, कानशी, पातळ पोलादी पट्ट्यांच्या गुंडाळ्या, आणि भिंतीशी ओळीने मांडलेली सहा रबरी डोकी. वाकवली की टक् करून बसते ती साधी क्लिप आम्ही ढिगांनी काढायचो. तिची गोम अशी, की ती केसांना फक्त मध्यभागी दाबते, टोकांना नुसती टेकलेली असते. राठ केसांत तेवढं चालून जातं. गुळगुळीत केस मात्र एकेक करून तिच्यातून निघून जातात, पाहुणे जेवून निघतात तसे, आणि शेवटी ती एकटी लोंबत राहते. मालकांना न पडणारी क्लिप हवी होती. रबरी डोक्यांवर नायलॉनचे केस, त्यांच्यावर काहीही टिकतं, त्यांचा उपयोग शून्य. तेव्हा मी मालकांना म्हटलं, माझ्या घरी एक डोकं आहे, त्याच्यावर टिकली तर जगात कुठेही टिकेल. हे सांगताना मला तुझा केवढा अभिमान वाटला होता!

तू तेव्हा बावीसची होतीस. सकाळी मी क्लिप लावायची, संध्याकाळी काढून बघायची. खोलीत वीस उड्या, मग मान खाली घालून गदागदा हलवायची, मग अंघोळ. खालच्या मजल्यावरची म्हातारी छताला काठी ठोकायची आणि तू मुद्दाम आणखी दोन उड्या मारायचीस. क्लिप रोज एकाच जागी लागायची, डाव्या कानाच्या वर, दोन बोटं सोडून. जागा बदलली की केसांची दाटी बदलते, मग कालच्या आकड्याशी आजचा कसा ताडायचा? मी कामात किती काटेकोर आहे याची मला भारी मिजास होती. वहीत रकाने आखलेले होते. नमुन्याचा क्रमांक, लावल्याची वेळ, पडल्याची वेळ, उड्या, पाणी. क्लिपबरोबर किती केस तुटून येतात, याला रकाना नव्हता. ते मी फुंकर मारून उडवून द्यायचे.

आधी आतून दाते पाडले, ते तुझ्या केसांनी मोजलेसुद्धा नाहीत. मग रबराची पट्टी चिकटवली, ती दुसऱ्या अंघोळीला सुटली. सतराव्या नमुन्यात मी आतल्या पट्टीला एक लहानशी जीभ ठेवली. क्लिप बंद होताना ती जीभ केसांची बट पकडायची आणि तिला अर्धा पीळ द्यायची. त्या दिवशी क्लिप पडली नाही. दुसऱ्या दिवशीही पडली नाही. तू ती लावून झोपलीस, उठलीस, तलावावर जाऊन पोहून आलीस, आणि ओल्या केसांनी स्वयंपाकघराच्या दारात नाचलीस. आईच्या हातातला डाव खाली पडला, पण क्लिप जागची हलली नाही. मालक मात्र सहज खूश होणारे नव्हेत. एकाच डोक्यावर, एकाच जागी, रात्रंदिवस, शंभर दिवस, अशी त्यांनी अट घातली. मगच ते साचे करायला टाकणार होते. आपण दोघींनी हसत हसत ती अट मान्य केली. म्हणजे मान्य मी केली, तू फक्त डोकं पुढे केलंस.

त्याच दिवसांत तुझं बंदराचं काम ठरलं होतं. चारशे जणांतून नऊ निवडले, त्यात तू एक. आत येणाऱ्या जहाजांना वाट सांगायची, कुणी थांबायचं, कुणी निघायचं, ते वरच्या काचेच्या खोलीत बसून ठरवायचं. प्रशिक्षण सुरू व्हायला पाच-सहा महिने होते. तू फरशीवर खडूने बंदर काढायचीस, आणि माझ्या टाकाऊ क्लिपा जहाजं म्हणून सरकवायचीस. आई वरून ओरडतेय, मी मध्येच पाय टाकतेय, खालून काठी वाजतेय, तरी तू एकदाही दोन जहाजं एकमेकांवर आदळू दिली नाहीस. मी आजवर तुझ्याइतकं शांत माणूस पाहिलेलं नाही. हे वाक्य लक्षात ठेव, त्याची पुढे गरज आहे.

साठाव्या दिवसाच्या आसपास तू म्हणालीस, "ताई, इथे ठणकतं गं." मी वहीतून मान वर न करता म्हटलं, "पडत नाही ना? मग झालं तर." अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मी क्लिप काढली आणि तिच्याखाली शर्टाच्या गुंडीएवढी चामडी दिसली. गुलाबी, केसांचा मागमूस नाही. तू पुस्तकात डोकं घालून बसली होतीस. मला मागाहून कळलं, असं मी आता म्हणणार नाही. त्याच क्षणी कळलं. बटेला पीळ पडला की तिचं मूळ ओढलं जातं, आणि एकच मूळ तीन महिने ओढलं की ते सुटतं, हे कळायला फार अक्कल लागत नाही. शंभराला बारा दिवस उरले होते. मी शेजारचे केस विंचरून त्या जागेवर आणले आणि क्लिप पुन्हा तिथेच लावली. तू विचारलंस, "काय गं, एवढं काय बघतेस?" मी म्हटलं, "काही नाही. मान हलवू नकोस."

शंभराव्या दिवशी मालकांनी आपल्या हाताने क्लिप ओढून पाहिली. तू "आई गं!" म्हणालीस आणि ते खूश होऊन हसले. मीही हसले. क्लिपचं नाव 'पक्की' ठेवलं, मी नमुन्यांच्या खोलीची प्रमुख झाले, आणि पहिल्या पेटीतला एक डझन तुला भेट दिला. तुझं काम संपलं म्हणून तू केस मोकळे सोडलेस. आणि आठवड्याने दोन आरसे घेऊन मागून बघताना किंचाळलीस.

डॉक्टरबाईंकडे मीच तुला घेऊन गेले होते. त्यांनी नीट विचारलं, "केस ताणून बांधता का? काही घट्ट लावता का?" तू म्हणालीस, "छे, मी तर मोकळेच सोडते." तू खोटं बोलली नाहीस. ती क्लिप ताईची होती, तिच्याने काही होईल हे तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पिशवीत तेव्हा ती वही होती, निसरडे. मी म्हटलं, "डॉक्टर, तिचं मोठं प्रशिक्षण सुरू होतंय, तिने फार ताण घेतलाय." त्या म्हणाल्या, "असू शकतं." झालं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मग झोपेच्या गोळ्या, मग विश्रांती, मग शेजारपाजारच्यांचे सल्ले. आई म्हणायला लागली, "झेपत नसेल तर नको गं जाऊस." सगळे दिवसातून चारदा तुझ्या तोंडाकडे बघायला लागले, तेव्हा तुझे हात खरंच थरथरायला लागले. कुणाचेही थरथरले असते. तू ते हात मला दाखवून म्हणालीस, "बघ ताई, म्हणतात ते खरंच आहे. माझ्या जिवाला झेपत नाही." खडूचं बंदर तू ओल्या फडक्याने पुसून टाकलंस.

आणि मग तू मला म्हणालीस, तुझं अक्षर चांगलं आहे, बंदराला द्यायचं पत्र तूच लिही. मी लिहिलं. 'प्रकृतीच्या कारणास्तव मी हे प्रशिक्षण घेऊ शकत नाही, तरी माझं नाव यादीतून काढून टाकावं.' एका फटक्यात लिहिलं, खाडाखोड नाही. तू सही केलीस. टपालपेटीपाशी मी दोन बस सोडल्या, तेवढा वेळ ते हातात धरून उभी होते. तिसरी बस दिसली तेव्हा पत्र आत टाकलं आणि घरी आले. केसाने गळा कापणारी माणसं कशी असतात, असं लोक विचारतात. माझ्यासारखी असतात. घरी येऊन हातपाय धुतात आणि पानं घेतात.

का बोलले नाही, याची कारणं मी पुष्कळ जमवली आहेत. साचे पडले होते, नाव झालं होतं, केस येतीलच परत, पत्र तर गेलंच आता. सगळी खोटी नाहीत, पण खरं कारण त्यांत नाही. तुला मी फार मोठी वाटायची. तुझ्या नजरेतून उतरायची मला भीती वाटली, बाकी काही नाही. माझी तेवढी एक गोष्ट सांभाळायला मी तुझ्याकडून सगळं काढून घेतलं. आईने तर दोष आपल्याकडेच घेतला. शेवटच्या आजारात मला म्हणाली, "मीच तिला फार पुढे रेटलं गं, पोर सोसू शकली नाही." मी तिचे पाय चेपत होते. चेपत राहिले. ती तसंच समजून गेली, आणि ते आता मला कुणापाशी दुरुस्त करता येत नाही.

तू सुखात आहेस, अशी मी मनाची समजूत घालते. नवरा भला आहे, पुस्तकांमध्ये तू रमतेस, चिमणी आहे. पण तू गाडी चालवायला शिकली नाहीस, कारण झेपणार नाही. मुख्य ग्रंथपालाची जागा चालून आली ती सोडलीस, कारण झेपणार नाही. केस आले, पण सगळे नाही आले, म्हणून तू तेव्हापासून भांग उजवीकडून पाडतेस आणि डावी बाजू झाकतेस. दर भेटीत माझी नजर आधी तिथेच जाते. तुला वाटतं ताई माया करते, केसांवरून हात फिरवते. ताई ती जागा चाचपते.

गेली तीन वर्षं मी दुसरी क्लिप करते आहे. तिच्यात पीळ नाही. ती लांब आहे, आतून लहरी आणि मऊ, थोडे केस करकचून धरण्यापेक्षा पुष्कळ केस हलके धरते, आणि ओढ फार झाली तर मुळाला लागण्याआधी स्वतःच उघडते. वयाने माझा काथ्याही आता विरळ आणि मऊ झालाय, तेव्हा डोकं माझंच वापरते, तीच जागा, डाव्या कानाच्या वर. वहीत तुटलेल्या केसांचा रकाना पहिला आहे. रात्री मी ती काढून ठेवते, पण दिवसभर ती टिकते. ती मी या पाकिटात ठेवलेली नाही. तुझ्या घरातल्या कुणाच्या डोक्यावर माझा प्रयोग आता नको. आज सकाळी जुनी वही मालकांपुढे उघडून ठेवली आणि सांगितलं, 'पक्की'च्या पुठ्ठ्यावर छापा, रोज एकाच जागी लावू नये, झोपताना काढून ठेवावी. ते म्हणाले, "असं छापलं तर घेईल कोण?" मी म्हटलं, मग ती बनवूच नका. आमचं काय व्हायचं ते पुढच्या आठवड्यात कळेल, त्याची तू काळजी करू नकोस.

आता ते पान. महिन्यापूर्वी तू चिमणीचा फोटो पाठवलास. तुझेच केस, तुझंच हसू, आणि डाव्या कानाच्या वर 'पक्की'. तुझ्या कपाटातला तो जुना डझन तिला सापडला, मावशीची क्लिप म्हणून रात्रीसुद्धा काढू देत नाही, असं तू कौतुकाने लिहिलं होतंस. मी उत्तर पाठवलं, 'गोड दिसते.' तेव्हाही एवढंच. आणि परवा तुझा निरोप आला, की ती शाळेच्या पोहण्याच्या चमूत निवडली गेली, पण कानाच्या वरचे केस विरळ झालेत, शर्यतीचा ताण घेतला असणार, माझ्याचसारखी नाजूक जिवाची, म्हणून शनिवारच्या आत तिचं नाव काढून घेते. खाली लिहिलंस, 'शाळेला द्यायचा मजकूर तूच लिहून पाठव ताई, तुझं अक्षर चांगलं. मागे माझ्यासाठी लिहिला होतास तसाच.' मी काल कागद घेऊन बसले, आणि माझा हात ते पहिलं वाक्य आपोआप लिहायला लागला. तो कागद मी फाडला. तो मजकूर मी लिहिणार नाही, निसरडे. हे ठेव आणि आधी तिच्या डोक्यातली क्लिप काढ, मग त्या डझनातली एकेक मोजून फेकून दे. डॉक्टरांकडे ने, आणि त्यांनी काही घट्ट लावता का विचारलं तर हो म्हणून सांग, कुणी लावलं तेही सांग. वेळेत सुटली तर मुळं परत धरतात. तुझ्या वेळी बारा दिवस मी घालवले, आणि चिमणीचा हा एक महिनाही मीच घालवला. तिने विचारलं क्लिप का काढली, तर सांग मावशीने चुकीची केली होती. शनिवारी तिला पोहू दे. ती नाजूक नाही. तूही कधीच नव्हतीस.

तू म्हणशील तोवर तुझीच,
ताई